गाईडशी कसं जमवावं? पीएचडीला नव्याने नोंदणी करणाऱ्यांसाठी

मार्च महिन्यात डिपार्टमेंटच्या जिन्यात माझे गाईड, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक, म्हणाले, "तीन गावं घे, पुरेत." मी तीन गावं घेतली. बचत गटांच्या कर्जफेडीवर माझं काम होतं. एसटीने जायचं, बायका रानातून परत येईपर्यंत समाजमंदिराच्या ओट्यावर बसून राहायचं, शेवटच्या गाडीने परतायचं. ऑक्टोबरमध्ये तक्ते घेऊन गेले तर सर म्हणाले, "सहा गावं ठरली होती ना आपली?" त्यांच्या डोक्यात सहा पक्की होती, माझ्या डोक्यात तीन. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. उरलेल्या तीन गावांत माझे आणखी सात महिने गेले.

आता मी स्वतः गाईड आहे. माझ्याकडे तीन विद्यार्थी आहेत, आणि टेबलाच्या या बाजूने बघताना माझं मत अधिकच पक्कं झालंय. गाईड आणि विद्यार्थी यांच्यातली बहुतेक कटकट न लिहिलेल्या बोलण्यातून उगवते. जिथे खरोखरच त्रास दिला जातो, तिथेसुद्धा शेवटी उपयोगी पडतो तो कागदच. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत मी पुन्हा पुन्हा लिहायला सांगणार आहे. कंटाळू नका.

नियमांचे जे आकडे देते आहे ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमावलीतले. तुमचं विद्यापीठ त्यात स्वतःच्या अटी घालतं, तेव्हा विद्यापीठाचं चालू परिपत्रक डाउनलोड करून ठेवा. सीनियर सांगतात ते बरेचदा जुन्या नियमांचं असतं.

नोंदणीआधीची चौकशी

पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) यांचा निकाल लागला, मुलाखत झाली, की सगळी धावपळ व्हेकन्सी असलेला गाईड मिळवण्यासाठी. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. जागा थोड्या, उमेदवार फार, त्यामुळे "मिळेल तो गाईड" अशी मनःस्थिती होते. तरी चार दिवस काढा.

एक चौकशी घरबसल्या होते. इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या संकेतस्थळावर गाईडचं नाव टाकून त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध बघा. विषय एकमेकांशी काही नातं सांगतात का, की दरवेळी तालुका बदलून तोच अभ्यास? बऱ्याच नोंदींत नोंदणीची आणि पूर्ण झाल्याची तारीख असते, त्यावरून किती वर्षं लागतात ते कळतं. ऋणनिर्देशाचं पानही वाचा. सगळ्यांनी एकाच साच्यात "ज्ञानाचा अथांग सागर" लिहिलं असेल तर त्यातून काही कळत नाही. पण एखाद्याने "सरांनी तिसरं प्रकरण चार वेळा परत लिहायला लावलं" असं लिहिलं असेल, तर तो माणूस वाचतो एवढं नक्की.

दुसरी चौकशी निवृत्तीची. सेवेची तीन वर्षंही उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी घेतलेल्यांना निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करता येतं, नंतर सहमार्गदर्शक म्हणून, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. चार वर्षं उरलेल्या गाईडकडे जाणं चूक नाही. फक्त नंतर कुणाच्या नावाखाली काम चालेल हे पहिल्याच दिवशी विचारा. ते ऐकून रागावणारा गाईड मला अजून भेटलेला नाही. उलट, "बरं झालं विचारलंस" म्हणतात.

तिसरी चौकशी त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांची, आणि इथे प्रश्न नेमके हवेत. "सर कसे आहेत?" असं विचाराल तर "खूप चांगले" एवढंच उत्तर मिळेल, ज्याची सही अजून बाकी आहे तो दुसरं काय सांगणार? त्याऐवजी विचारा: शेवटचं प्रकरण दिलं ते किती दिवसांनी परत आलं? शेवटची भेट कधी झाली आणि किती वेळ चालली? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं? रविवारी फोन येतात का, आणि कशासाठी? मधेच सोडून गेलेला एखादा माहीत असेल तर त्याच्याशीही बोला. मुलींनी मुलींना विचारावं, समोर दुसरं कुणी नसताना.

आणि मोठ्या नावाला भुलू नका. अधिष्ठाता, तीन समित्यांचे सदस्य, दर आठवड्याला पुणे-मुंबई-दिल्ली. असे सर मिळाले की नातेवाईक खूश होतात, पण प्रकरण वाचायला वेळ कुणाकडे असतो? मला विचाराल तर चाळिशीतला, स्वतः अजून लिहिणारा, फारसं नाव नसलेला सहयोगी प्राध्यापक निवडा.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्वतःच्याच विभागप्रमुखाला गाईड करणं शक्यतो टाळा. तासिकांचं बिल, पुढच्या वर्षीची नेमणूक आणि पीएचडीची सही, तिन्ही दोऱ्या एकाच हातात गेल्या की कशालाही "नाही" म्हणायची सोय राहत नाही.

पहिली भेट

पेढे नेऊ नका. दोन पानं न्या: पहिल्यावर तुमचा विषय साध्या भाषेत, दुसऱ्यावर आतापर्यंत काय वाचलंय आणि कुठे अडलंय. संशोधन पद्धतीवरची पाठ केलेली वाक्यं नकोत, गाईडने ती आयुष्यभर ऐकलेली असतात.

विषयावर बोलून झालं की कामाच्या पद्धतीचं विचारा. मेल बरा की व्हॉट्सॲप? भेट दर किती दिवसांनी? लिखाण छापील हवं की फाइल चालेल? तुमच्या आणि त्यांच्या सुट्ट्या कधी? परीक्षेचं कॅप सुरू असताना, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या दिवसांत, किंवा कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायच्या आधीचे दोन महिने त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? हे विचारायला नव्या विद्यार्थ्याला संकोच वाटतो, आणि गाईड आपणहून सांगत नाहीत कारण त्यांना ते उघडच वाटत असतं.

भेट झाली की त्याच संध्याकाळी

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. प्रत्येक भेटीनंतर, झोपण्याआधी, गाईडना चार ओळींचा मेल पाठवायचा. माझ्या विद्यार्थिनी असा पाठवतात:

"आदरणीय मॅडम, आजच्या भेटीत ठरलेलं माझ्या समजुतीप्रमाणे असं आहे. १) गावं तीन, एकाच तालुक्यातली. २) प्रत्येक गावातले १० गट. ३) प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मी १५ तारखेपर्यंत पाठवते. ४) पुढची भेट २२ तारखेला दुपारी ३ वाजता. यात काही चुकलं असल्यास कृपया कळवावं."

खरं काम शेवटचं वाक्य करतं. त्यात आरोप नाही, अजिजी नाही, आणि दुरुस्तीची संधी मोकळी आहे. गाईडनी "ओके" लिहिलं किंवा नुसता अंगठा दाखवला तरी पुरे. काहीच उत्तर आलं नाही तरी मेल जागच्या जागी राहतो, तारखेसकट.

मेल न बघणारे गाईड असतात. त्यांच्यासाठी दोनशे पानी वही करा. भेट झाली की तिथेच बसून तारीख घालून चार मुद्दे लिहायचे, वही पुढे करायची आणि छोटी सही घ्यायची. एक सर असल्या वहीवर भडकले होते: "काय, कोर्टात जायचंय का?" विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मी विसरते." पुढच्या भेटीत सरांनीच विचारलं, वही आणली का. मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते त्यांना तरी कुठे आठवत होतं!

फोनवर काही ठरलं तर तेही त्याच मेलच्या साखळीत लिहा. व्हॉट्सॲपवर ठरलेलं मात्र हरवतं. फोन बदलला, चॅट गेली. महिन्यातून एकदा महत्त्वाचं तेवढं मेलवर उतरवून घ्या.

प्रकरण द्यायचं कसं

रात्री अकरा वाजता साठ पानांची फाइल येते, सोबत एक ओळ: "मॅडम, प्लीज बघा." मी प्रामाणिकपणे सांगते, ती फाइल मी त्या आठवड्यात उघडत नाही. उघडली तर पहिली सहा पानं वाचते, शुद्धलेखनाच्या चार चुकांवर खुणा करते, मग तास असतो. विद्यार्थ्याला वाटतं मॅडमनी सगळं वाचलं आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घच चुकलंय.

तेव्हा पंधरा-वीस पानं द्या, आणि वर एक पान जोडा. हा मसुदा कितवा आहे, कुठपर्यंत पक्का आहे, आणि तुम्हाला कशावर मत हवंय. प्रश्न तीनच. "दुसऱ्या भागातली गटांची वर्गवारी टिकते का?" असा प्रश्न असला की गाईड थेट तिथे जातो, आणि तिथे गेला की बाकीचंही वाचतो.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी फाइलबरोबर पीडीएफही पाठवावी. जुन्या फॉन्टमधलं लिखाण गाईडच्या संगणकावर उघडतं तेव्हा नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात, आणि "फाइल उघडली नाही" हे सांगायलाही ते दहा दिवस विसरतात. त्याहून चांगलं म्हणजे सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडून शेवटी पाचशे पानं बदलून घेणं फार महाग पडतं, आणि जोडाक्षरांची वाट लागते ती वेगळीच.

दोन आठवडे थांबा. मग एक साधी आठवण: "मॅडम, १० तारखेला दिलेलं प्रकरण दोन बघायला वेळ मिळाला का? तोवर मी तीनचं विश्लेषण सुरू केलं आहे." दुसऱ्या आठवणीला नुसती आठवण नको, सोबत काही नवं न्या: एखादा तक्ता, एखादा सापडलेला अहवाल. हात हलवत आलेल्या विद्यार्थ्याला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणं सोपं असतं.

दुरुस्त्या करून परत देताना दोन रकान्यांचा तक्ता जोडा. डावीकडे गाईडची सूचना, उजवीकडे तुम्ही काय केलं आणि कोणत्या पानावर. एखादी सूचना मानली नसेल तर तेही कारणासकट तिथेच. या तक्त्याचा एक छुपा फायदा आहे. गाईड परस्परविरोधी सूचना देतात; मीही देते. जूनमध्ये "हा भाग काढून टाक", सप्टेंबरमध्ये "इथे तो भाग का नाही?" अशा वेळी "तुम्हीच सांगितलं होतं" हे तोंडाने म्हणणं अवघड जातं. तक्ता पुढे सरकवला की गाईड स्वतःच वाचतो आणि हसतो. निदान बहुतेक हसतात.

उचलेगिरीबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये ठरलेल्या मुदतीत पुन्हा लिहून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर प्रबंध देता येत नाही, त्यापुढे नोंदणीच रद्द. पण आकड्याच्याही आधी गाईडच्या विश्वासाचा प्रश्न येतो. दुसऱ्याचा परिच्छेद त्यांच्या नजरेस एकदा पडला की पुढची प्रत्येक चांगली ओळ ते संशयाने वाचतात.

सह्या, अहवाल, आरएसी

फेलोशिप असली की नात्यात पैसा येतो. नेट-जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, सीनियर झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपल्याकडे अनेकांना आधार आहेत. यातलं बहुतेक काही गाईडच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही: हजेरी, प्रगती अहवाल, खर्चाचा तपशील. आणि हप्ता आधीच उशिरा येत असताना सहीसाठी आठवडा गेला की विद्यार्थ्याच्या मनात गाईडबद्दल कडवटपणा साचतो. गाईडला त्याचा पत्ताही नसतो.

वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या फॉर्मच्या तारखा एका कागदावर काढा आणि त्याची एक प्रत गाईडच्या टेबलावर ठेवा. फॉर्म दहा दिवस आधी द्या, पूर्ण भरून, सहीच्या जागी रंगीत चिठ्ठ्या चिकटवून. "सर, इथे, इथे आणि इथे" असं म्हणता आलं पाहिजे. कोऱ्या फॉर्मवर आगाऊ सह्या घेऊन ठेवू नका, त्यांनी देऊ केल्या तरीही. पुढे काही वाकडं झालं तर त्या सह्या दोघांनाही गोत्यात आणतात.

दर सहामाहीला आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, प्रगती मांडावी लागते. निमंत्रक गाईडच असतात, पण आणखी सदस्य असतात. विद्यार्थी याला उरकायचा उपचार समजतात. मी म्हणते, तुमच्या आणि गाईडच्या नात्याला तिसरा साक्षीदार मिळण्याची हीच एक अधिकृत जागा आहे. काम समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात, आणि त्याही झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. म्हणून उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर ते अहवालात सौम्य भाषेत यायला हवं: "प्रकरण दोन १० जून रोजी सादर केलं, अभिप्राय अपेक्षित." एवढंच. विशेषण नको. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि जपा.

संशोधनाबाहेरची कामं

हा विषय कुजबुजत बोलला जातो म्हणून इथे जरा थांबते.

नियमात अध्यापन आणि सहायकाच्या कामासाठी आठवड्याला ४ ते ६ तास धरले आहेत: ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन. प्रत्यक्षात नॅकच्या फायली लावणं, सेमिनारच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, गाईडच्या पेपरसाठी आकडे भरणं, त्यांच्या मुलाला क्लासहून घरी सोडणं, बँकेत पासबुक भरून आणणं, इथपर्यंत यादी जाते. आणि वर गुरुपौर्णिमा. पाया पडण्याला माझा विरोध नाही, ज्याची त्याची रीत. पण नमस्काराबरोबर पैठणी किंवा चांदीचा ग्लास द्यायची प्रथा एखाद्या विभागात असेल तर तुमच्या बॅचने ती मोडावी. सगळ्यांनी मिळून फूल द्या. मोडताना एकट्याने मोडू नका.

माझा हिशेब असा आहे. ज्यातून तुम्ही काही शिकता ते आनंदाने करा: शोधनिबंध तपासायला मदत, सेमिनारचं आयोजन, एम.ए.च्या वर्गावर दोन तास. शिकायला काही नाही पण विभागाचं आहे, ते वाटून घ्या. घरगुती काम अडीनडीला एकदा केलं तर माणुसकी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलं की ती प्रथा होते, आणि प्रथा मोडायला सुरुवातीच्या नकारापेक्षा दसपट धैर्य लागतं.

नकार देताना "नाही" शब्द वापरायलाच हवा असं नाही. "मॅडम, या आठवड्यात तिसऱ्या प्रकरणाचं विश्लेषण संपवायचं ठरलंय. हे काम घेतलं तर ते पुढच्या सोमवारवर जाईल. चालेल का?" निवड त्यांच्याकडे जाते. शहाण्या गाईडला एवढं पुरतं. जे तरीही "चालेल" म्हणतात त्यांचं "चालेल" संध्याकाळच्या मेलमध्ये लिहा.

पेपरवर कुणाचं नाव

लिहायला बसण्याआधी विचारा, छापून आल्यावर नव्हे. "सर, या पेपरची मांडणी आणि लिखाण मी करते आहे, पहिलं नाव माझं ठेवू का?" गाईडनी कल्पना, पद्धत किंवा लिखाणात भर घातली असेल तर त्यांचं नाव यायलाच हवं. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही अशा प्राचार्यांचं नाव चौथ्या जागी येत असेल तर मात्र प्रश्न विचारा.

२०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही, पण काही विद्यापीठांनी ती अट ठेवली आहे; परिपत्रक बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केली, त्यामुळे चांगलं नियतकालिक ओळखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि गाईडवर आहे. "तीन हजार भरा, आठवड्यात छापतो" असा मेल आला तर तो गाईडना दाखवा आणि दोघं मिळून डिलीट करा. गाईडच असं नियतकालिक सुचवत असतील, तर गेल्या दोन वर्षांत त्यांनी स्वतः कुठे छापलंय ते बघा आणि हळूच तिथलं नाव सुचवा.

मत जुळलं नाही तर

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला आणि प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली. त्यात त्यांनी सरळ सांगितलं की सुवर्ण विनिमय या चलनपद्धतीला आंबेडकरांचा जो विरोध आहे तो मला मान्य नाही. पटत नाही असं छापून टाकलं, आणि विद्यार्थ्याच्या पुस्तकाला प्रस्तावनाही दिली. दुसरं उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे तिच्या दोन बाजूंतल्या फरकावर, काम करत होत्या. वंशानुसार तिच्यात फरक असतो ही फिशर यांची धारणा होती. कर्व्यांच्या मोजमापांनी तिला आधार दिला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं.

या दोघांच्या हातात काय होतं ते बघा: चलनाचा इतिहास आणि कवट्यांची मोजमापं. आपण मात्र बहुतेकदा "सर, मला तसं वाटत नाही" एवढ्यावर वाद घालायला जातो. आधी तक्ता, मग मत. आरएसीत, चार लोकांसमोर गाईडची चूक काढू नका. आदल्या आठवड्यात एकांतात दाखवा. दोन पर्याय घेऊन जा: तुमच्या पद्धतीने विश्लेषण केलं तर काय निघतं, त्यांच्या पद्धतीने काय निघतं. अर्धे वाद तिथेच मिटतात, कारण दोन्हींतून तेच निघतं. उरलेल्यांत गाईड म्हणतील ते करायचं की आपलं, हे तुम्ही ठरवा. पण व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, उत्तर तुम्हाला द्यायचंय, त्यांना नाही, हे लक्षात असू द्या.

खरोखर बिघडलं तर

आळशी गाईड आणि त्रास देणारा गाईड यांत फरक करा. आळशी गाईडवर सहमार्गदर्शक, आरएसीतला एखादा वाचणारा सदस्य, नियमित मेल असे उपाय आहेत. अपमान करणारा, चारचौघांत ओरडणारा असेल तर गाईड बदलण्याचा विचार पहिल्या दीड वर्षातच करा. नंतर विषय, माहिती, प्रकरणं सगळंच त्यांच्याशी गुंतून जातं. नवा गाईड तोंडी "हो" म्हणेपर्यंत अर्ज करू नका, नाहीतर मधल्या मधे लटकाल. अर्जात कारण लिहाल ते अभ्यासाच्या दिशेचं लिहा, रागाचं नको. हा सल्ला भित्रा वाटेल. पण जुन्या गाईडची ना हरकत मिळवायची असते, आणि जिल्ह्यातले रेफरी, म्हणजे प्रबंध तपासणारे परीक्षक, एकमेकांना ओळखतात.

पुढच्या तीन गोष्टींत मात्र सौम्यपणा नको.

सहीसाठी किंवा प्रबंध पुढे पाठवण्यासाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. विद्यापीठाचे शिक्षक भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरले जातात. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे. दबावाखाली दिली असेल तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण मिळतं. म्हणजे "आधी देऊन टाकू, पदवी मिळाल्यावर बघू" हा मार्ग तुमच्याच अंगाशी येतो.

लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत एक फार महत्त्वाची तरतूद आहे जी मुलींना कुणी सांगत नाही: चौकशी चालू असताना त्या गाईडला तुमच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. तक्रार केली की पीएचडी संपली, ही भीती म्हणूनच घालू देऊ नका.

जातीवरून बोललं, डावललं गेलं तर विद्यापीठाचा अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे. इतर तक्रारींसाठी २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, पुढे लोकपालांकडे दाद मागता येते. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: "काही लेखी आहे का?" तेव्हा ती दोनशे पानी वही बाहेर काढा.

झोप उडाली, जेवण जाईना, विभागाच्या पायऱ्या चढताना छाती धडधडायला लागली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. प्रबंध त्यानंतर.

लग्न, बाळंतपण, बदली

मुदत नोंदणीपासून ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. महिलांना पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा घेता येते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर विद्यार्थिनीला आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. काम गाईडच्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं आणि आधीच्या संस्थेला, गाईडला श्रेय द्यावं, एवढ्या अटींवर. हे सगळं गाईडना माहीत असेलच असं नाही. नियमाचं पान छापून न्या. आणि बातमी लवकर सांगा. सातव्या महिन्यात, पोट दिसल्यावर "मॅडम, सांगायचंच राहिलं" असं झालं की वेळापत्रक दोघींचंही कोसळतं.

सिनॉप्सिसनंतर

सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा सारांश दिला की शेवटच्या सहा महिन्यांत गाईडही घाबरलेले असतात, कारण रेफरीच्या अहवालात त्यांचंही काम तपासलं जातं. अचानक ते प्रत्येक पान वाचायला लागतात आणि पाच वर्षांत न सुचलेलं सुचवतात. सगळं करू नका. "हे प्रबंधात घेऊ की पुढच्या पेपरसाठी ठेवू?" असं विचारा, बहुतेक गोष्टी पेपरच्या यादीत जातात आणि तिथेच राहतात.

व्हायव्हाच्या दिवशी रेफरींचा प्रवास, मानधन विद्यापीठ देतं. शाल, श्रीफळ, पन्नास जणांचं जेवण ही रीत पडलेली आहे, नियम नाही. परवडत नसेल तर गाईडना दोन आठवडे आधी सांगा, "सर, चहा-पोहे ठेवते." मी तेच केलं होतं. पोहे संपले, रेफरींनी दुसऱ्यांदा मागितले आणि द्यायला नव्हते, एवढीच काय ती फजिती.

ऋणनिर्देश बायंडिंगच्या आदल्या रात्री लिहू नका, कुणीतरी महत्त्वाचं राहतं. गाईडबद्दल दोन खरी वाक्यं लिहा, एखादा नेमका प्रसंग. मग ज्यांनी प्रश्नावल्या भरून दिल्या त्यांच्याबद्दल लिहा. माझ्या पानावर सहाही गावांची नावं आहेत. सही करण्याआधी सरांनी ती बोटावर मोजली.